करू नये, करून ये

सेलूच्या मोंढ्याजवळ एका जिनिंगच्या कचेरीत, मुनीमजींच्या खुर्चीमागे, भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. तो मी लिहिलेला. कापसाची आवक, काट्यावरचं वजन, भाव, कपात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, असं सगळं एका जागी ठेवणारं एक लहानसं सॉफ्टवेअर मी त्यांना करून दिलं होतं. ते कसं वापरायचं याची चार पानी माहिती मराठीत लिहून दिली होती. त्यातलं पहिलं पान भिंतीवर गेलं. त्या पानावरची सातवी ओळ अशी होती: 'नोंदी जतन होत असताना खिडकी बंद करून ये.'

मला लिहायचं होतं 'करू नये'.

हंगाम ऐन भरात होता. बाहेर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागलेली. दुपारी मुनीमजींनी सकाळपासूनच्या नोंदी जतन करायला लावल्या आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. साठी ओलांडलेला, जन्मभर वह्यांवर काम केलेला हा माणूस. त्यांनी मान वळवून कागद वाचला. आधी उठून कचेरीची खिडकी पाहिली, कारण जिनिंगमध्ये कापसाचा तूस उडतो आणि मशीन जवळ असलं की खिडकी लावून घेतात. ती लावलेलीच होती. मग त्यांनी पडद्यावरची बंद केली आणि कागदात 'ये' म्हटलं होतं म्हणून बाहेर जाऊन, चहा पिऊन, परत आले. एकसष्ट नोंदी गेल्या होत्या.

सगळ्या नोंदी एकदम, एका दमात जतन करायच्या ही अक्कलही माझीच. ती गोष्ट शुद्धलेखनावर ढकलता येणार नाही. काट्याच्या पावत्या शिल्लक होत्या म्हणून निभावलं. रात्री दहापर्यंत आम्ही दोघांनी बसून एकेक नोंद पुन्हा भरली. वालूरकडचे दोघे-तिघे त्या दिवशी पट्टी न घेताच गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मुनीमजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं, हे तुझं सॉफ्टवेअर मला अरे-तुरे करायलंय म्हणून. पण म्हणलं, आजकालच्या पोरायचं असंच असतंय."

खरी लाज मात्र पुढेच आहे. ती ओळ चुकलेली आहे हे मला दोन आठवडे आधी सांगितलं गेलं होतं.

आमच्या गल्लीत मराठीचे निवृत्त शिक्षक राहतात. मी केलेलं पुस्तक, म्हणजे तीच चार पानं, आईनं कौतुकानं त्यांना वाचायला नेऊन दिली. सरांनी ती पेन्सिलीच्या खुणा करून परत पाठवली. 'सुरु'ला नऊ ठिकाणी दुसरा उकार. 'फाईल'ची 'फाइल'. 'टाकुन'चं 'टाकून'. आणि सातव्या ओळीतल्या 'करून ये'भोवती एक गोल, शेजारी समासात एकच शब्द: 'कुठून?'

मी वाचलं आणि हसलो. बायकोला म्हणालो, सरांना काही कापूस विकायचा नाही, वेलांट्या मोजायच्यात. पानं खणात टाकली. 'कुठून?' हा शब्द मला विनोद वाटला, तेव्हा मी गोल केलेला मजकूर वाचलाच नसणार. नऊ 'सुरू' पाहूनच माझं डोकं बंद झालं होतं.

ते का बंद झालं हे सांगायला मागे जावं लागेल. मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, "जेवायलो." खोलीतले चौघे हसले. एकानं, मनात काही वाईट नसताना, सुधारलं: "जेवतोय म्हण." पुढची चार वर्षं मी 'करतोय, बसतोय, येतोय' असं मोजून-मापून बोललो. घरी यायला रेल्वेत बसलो की मनमाड मागे पडेपर्यंत जीभ सैल व्हायची नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आमची मराठी घरात, शेतात, कीर्तनात राहिली. कचेरीत तिला उशिरा जागा मिळाली. त्यामुळे शुद्धलेखन ही पुण्याची वस्तू आहे, आपल्याला खाली दाखवायला केलेली आहे, असं माझ्या मनानं धरलं. सुधारणारा प्रत्येक माणूस मला त्या खोलीतला पाचवा वाटायचा.

नोकरीत हा राग लपवायला चांगली जागा मिळाली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'कोड चालतो ना, मग झालं' हे म्हणायची सोय आहे. माहितीपुस्तिकेतल्या व्याकरणाच्या चुका काढणाऱ्याला आमच्याकडे फारसा मान नसतो. २०२० च्या ऑक्टोबरात तर माझ्या मताला पुरावाच मिळाला. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते; तेव्हाचा सौदा होता: खुल्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी चार सुधारणांना टी-शर्ट होता. लोकांनी हजारो प्रकल्पांच्या माहितीच्या पानांत एखादं विशेषण घुसव, एखादा स्वल्पविराम हलव, असला माल पाठवून दिला. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की महिना संपायच्या आत आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाला भाग घ्यायचाय त्यानं तसं आधी सांगायचं, असं ठरलं. मी तेव्हा टाळेबंदीमुळे सेलूला परतलो होतो आणि घरी बसून हे सगळं मजेत वाचत होतो. चुका दुरुस्त करणारे म्हणजे लग्नात फोटोग्राफर दिसला की पाण्याचा जग हातात घेणारे, असं मी मित्राला लिहिलं होतं. त्या टी-शर्टवाल्यांबद्दल माझं मत आजही तेच आहे. सरांना मी त्यांच्या ओळीत बसवलं, ते चुकलं.

जिनिंगमधून रात्री घरी आल्यावर खण उघडला. 'कुठून?' तिथेच होतं. सकाळी ती पानं घेऊन सरांकडे गेलो आणि झालेलं सांगितलं. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं, "मुनीमजींना जेवायला किती वाजले?"

त्या दिवसापासून तीन संध्याकाळी आम्ही ती चार पानं घेऊन बसलो. मला वाटलं होतं, ते ऱ्हस्व-दीर्घ सांगतील. ते त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले तेव्हा ते चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढले. अठरा नियम, पाठ करायला एक आठवडा पुरे, असं ते म्हणाले. मी मुद्दाम विचारलं, की मग 'जेवायलो'चं काय? ते म्हणाले, "मी बी घरी जेवायलोच म्हणतो. त्याला कोण चूक म्हणतं?" बोलण्यातलं 'असं केलं', 'म्हटलं' टोकावर अनुस्वार देऊन तसंच लिहायची मोकळीक त्याच नियमांत आहे, हेही त्यांनीच दाखवलं. वीस वर्षं मी ज्या नियमांना पुणेरी म्हणून शिव्या घातल्या ते मी कधी वाचलेच नव्हते. 'जेवायलो' ही बोली आहे आणि 'करून ये' हा अपघात आहे, एवढा साधा भेद मला रागाच्या भरात करता आला नव्हता.

मग सरांनी खरा प्रश्न विचारला: "हे कोण कुणाला सांगतंय?" माझ्या चार पानांत एके ठिकाणी 'करावे' होतं, एके ठिकाणी 'करा', एके ठिकाणी 'आपले खाते', एके ठिकाणी 'तुम्ही', आणि सातव्या ओळीत 'ये'. मी वेगवेगळ्या जागांवरून वाक्यं उचलून जोडली होती, त्याचा हा मासला. मुनीमजींनी 'ये' निमूटपणे ऐकलं त्याचं कारण इथे होतं. बाकीची पानं एका आवाजात बोलली असती तर हा मध्येच उगवलेला एकेरी 'ये' त्यांना खटकला असता आणि हात थांबला असता. सरांचा हुकूम सरळ होता: 'करावे' शासन निर्णयात शोभतं, साठीच्या माणसाशी बोलताना 'करा' म्हणायचं, सगळीकडे.

आता एक गोष्ट मला सरांच्या आधी कळायला हवी होती, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. मराठी शुद्धलेखन तपासणारी साधनं फायरफॉक्सला, लिबरऑफिसला जोडता येतात. त्यांतल्या कुणीही सातव्या ओळीखाली लाल रेघ मारली नसती. 'करून' हा शब्द बरोबर, 'ये' हाही बरोबर. असं साधन एकेक शब्द शब्दकोशाशी ताडून बघतं. 'न' अलीकडच्या शब्दाला चिकटला की पलीकडच्या, आणि त्यानं कुणाचं किती नुकसान झालं, हे त्याला दिसत नाही. बदलली होती ती फक्त मोकळी जागा. आणि गंमत अशी की मोकळी जागा म्हणजे काही नाही असं मानणारा मी, पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक जागा कमी-जास्त झाली म्हणून अर्धी अर्धी रात्र जागलेलो आहे. तिथे मी त्याला शिस्त म्हणायचो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही कागद सोडून पडद्यावरचे संदेश वाचायला घेतले, आणि मग मला घाम फुटला. माझं सॉफ्टवेअर म्हणत होतं: 'कापूस जतन केली.' म्हणत होतं: 'मोरे ला पट्टी दिली.' हे कसं झालं? प्रोग्रॅममध्ये वाक्य आधी लिहून ठेवतात आणि नावाच्या जागी रिकामी खाच सोडतात. नाव मागाहून येऊन तिथे बसतं. इंग्रजीत हे बिनबोभाट चालतं, कारण तिथलं 'सेव्ह्ड' कापसालाही चालतं आणि सरकीलाही. मराठीत क्रियापद कर्माचं लिंग विचारतं. सरकी जतन केली, कापूस जतन केला, वजन जतन केलं. मी 'केली' लिहिलं होतं, कारण चाचणी घेताना मी दर वेळी सरकीच भरली होती. 'ला'चंही तेच. एकारान्त नामाचं सामान्यरूप याकारान्त होतं हा त्या अठरांतलाच एक नियम. मोरे या नावाचं 'मोऱ्यांना' होतं, पुण्याला 'पुणे ला' कुणी जात नाही. खाचेत नाव पडलं की ते वाकत नाही, ताठच राहतं.

उपाय सरांनी सांगितला नाही, मीच काढला, आणि ही एवढीच शेखी या लेखात मिरवून घेतो. वाक्य मोडायचं. 'माल: कापूस. नोंद जतन झाली.' आता क्रियापद नोंदीशी बांधलेलं आहे आणि नोंद कायम स्त्रीलिंगी आहे. 'नाव: मोरे. पट्टी दिली.' दिसायला कोरडं, पण चुकत नाही. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे व्याकरणच आहे की."

मोऱ्यांच्या नावाबरोबर आणखी एक घोटाळा वर आला. 'ऱ्य'मधला तो बारीक अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधायला गेलं तर एक टाइप केल्यावर दुसरा सापडेलच असं नाही. 'ॲप'च्या 'ॲ'चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होते आणि अजूनही पुष्कळ जण तसंच भागवतात. संगणकाच्या लेखी ही दोन निराळी अक्षरं आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात मी माझ्याच मदतीच्या पानावर 'ॲप' शोधत होतो आणि उत्तर येत होतं, काही सापडलं नाही. अर्ध्या पानांवर मी तो जुना, चंद्र ठेवलेला 'अ' वापरला होता. शुद्धलेखनाची ही बाजू कुठल्या लाल पेनानं दिसणार? ती फक्त माझ्यासारख्यालाच दिसू शकते, आणि मी तिकडे पाठ करून बसलो होतो.

चूक वेळीच काढली नाही तर ती कायमची नांदते, याचं एक नामी उदाहरण आमच्या धंद्यात आहे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर सर्व्हरला सांगतो, हा पाहुणा कुठून आला. त्या रकान्याचं नाव 'रेफरर'. देवनागरीत चूक दिसत नाही. इंग्रजी स्पेलिंगमधला मधला एक 'आर' मात्र गायब आहे. १९९६ च्या नियमपत्रात ती चूक तशीच छापली गेली, आणि आता सगळं जग त्याच चुकीच्या स्पेलिंगवर चालतं; बरोबर लिहिलं तर बिघाड होतो. उलट टोकाला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ. त्यांच्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत, छपाईची चूक असली तरी. २००८ पासून खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र पाठवतात. लोक ते चौकटीत लावतात.

आता मीही इतरांच्या मराठीत सुधारणा पाठवतो. फायरफॉक्सचं भाषांतर मोझिलाच्या पोंटूनवर होतं, विकिपीडियाच्या पडद्यावरचे शब्द ट्रान्सलेटविकीवर. कुणीही सुचवू शकतो, अधिकार असलेला माणूस तपासून स्वीकारतो किंवा नाकारतो. एका मोफत सॉफ्टवेअरला पाठवलेल्या माझ्या पहिल्या चाळीस सूचनांपैकी निम्म्या परत आल्या. निरोप नम्र होता: हे शब्द सगळ्यांनी मिळून ठरवलेले आहेत, आधी यादी बघा. बघितली नव्हती. होस्टेलच्या खोलीतला पाचवा माणूस त्या दिवशी मीच होतो.

सरांशी माझं सगळं पटतं असं समजू नका. त्यांना 'डिलीट' नको, 'काढून टाका' हवं. मुनीमजी 'डिलीट' म्हणतात, कापूस आणणारी पोरंही 'डिलीट' म्हणतात, आणि मी तेच ठेवलंय. 'फाइल' मी मान्य केलं, पण 'फाईल' लिहिणाऱ्याला मी टोकणार नाही. आणि सेलूचं नाव इंग्रजी कागदांवर कुठे 'सेलू' तर कुठे 'सैलू' वाचावं लागतं, वर्ध्याकडे आणखी एक सेलू आहे ते वेगळंच; यावर सर अर्जांमागून अर्ज लिहितात. मला त्यात पडायचं नाही. 'खिडकी' मात्र मी स्वतःहून काढली. विंडोला खिडकी करून मी मराठीची सेवा केली असं मला वाटत होतं. शुद्धलेखनाचा तिटकारा आणि शब्दांचा सोस, दोन्ही एकाच सातव्या ओळीत होते.

त्या ओळीवर तिसरी संध्याकाळ गेली. सर म्हणाले, 'नये' काढ, 'नका' लिही: 'पान बंद करू नका.' मी लिहिलं आणि माझ्याच लक्षात आलं की जागा पुन्हा घसरली तर 'करून का' होईल. सर मोठ्यानं हसले. 'बंद करणं टाळा' मला पोलीस खात्याचं वाटलं. शेवटी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जिनिंगला गेलो आणि मुनीमजींनाच विचारलं. त्यांनी काट्याची पावती फाडता फाडता सांगितलं, "नाही-बिही कशाला लिहितूस? कवा बंद करायचं ते सांग की."

भिंतीवरची सातवी ओळ आता अशी आहे: 'हिरवी खूण दिसली की पान बंद करा.' प्रोग्रॅमही बदलला. प्रत्येक नोंद भरल्या भरल्या जतन होते. नूथांइतकी माझी ऐपत नाही, म्हणून सरांना एका चुकीमागे एक चहा ठरला आहे, बिनसाखरेचा. आज सकाळपर्यंत माझ्याकडे त्यांचे त्रेचाळीस चहा निघत होते. हा लेख त्यांना दाखवून आल्यावर एकोणपन्नास झाले.